उतारवयातलं रूट कॅनल: निर्णयापासून कॅप बसेपर्यंत

‘आता या वयात कशाला रूट कॅनल? काढून टाका दाढ.’ हे वाक्य रुग्णापेक्षा त्याच्याबरोबर आलेली माणसंच जास्त वेळा बोलतात. त्यामागे काळजी असते. त्रास कमी व्हावा, फेऱ्या वाचाव्यात, एकदाचं मोकळं व्हावं. पण वय हे रूट कॅनल, म्हणजे दाताच्या मुळातली खराब नस काढून ती जागा साफ करून भरणं, नाकारण्याचं कारण नाही. दाताच्या मुळातला जंतुसंसर्ग नीट साफ झाला तर मुळाभोवतालचं हाड ऐंशीव्या वर्षीही भरून येतं. वयाने फरक पडतो तो दोन ठिकाणी. दाताच्या आत जायची वाट अरुंद झालेली असते, आणि शरीराला इतर आजार आणि औषधं चिकटलेली असतात. या दोन्हींची तयारी आधी केली तर उपचार शांतपणे पार पडतो. ती तयारी कशी करायची, तेच इथे क्रमाने लिहितो आहे. वयस्कर रुग्णांसाठी आणि त्यांना दवाखान्यात घेऊन जाणाऱ्या घरच्यांसाठी.

आधी समजून घ्या: दात आतून कसा बदललेला असतो

दात तोंडात आल्यानंतरही त्याच्या आतली नस काम करतच असते. ती आतल्या बाजूने डेंटिनचा, म्हणजे दात ज्या कठीण पदार्थाचा बनलेला असतो त्याचा, थर आयुष्यभर चढवत राहते. त्यात दात झिजला, कीड लागली, जुनं सिमेंट भरलेलं असलं, की त्या जागी आणखी थर चढतो. त्यामुळे आतली पोकळी लहान होत जाते, दाढेत तर पोकळीचं छत आणि तळ जवळजवळ टेकतात. कधी नसेतच कॅल्शियमचे खडे बनतात. मुळाच्या टोकाला बाहेरून सिमेंटमचा, म्हणजे मुळावरच्या हाडासारख्या आवरणाचा, थर वाढतो, म्हणून नस जिथून आत शिरते ते छिद्र आणि मुळाचं दिसणारं टोक यांच्यातलं अंतर वाढतं. हे सगळं म्हातारपणाचं दुखणं नव्हे, दाताने स्वतःचा केलेला बचाव आहे. पण रूट कॅनल करणाऱ्याचं काम त्याने कठीण होतं, आणि तरुण माणसाचा दात अर्ध्या तासात झाला म्हणून आईचाही तेवढ्याच वेळात होईल, ही अपेक्षा चूक ठरते.

दुसरा बदल रुग्णाला थेट जाणवतो, खरं तर जाणवत नाही हीच अडचण आहे. नसेतला रक्तपुरवठा आणि मज्जातंतू वयानुसार कमी होतात. तरुणपणी रात्र रात्र झोपू न देणारी कीड सत्तरीत गुपचूप नसेपर्यंत पोचते. थोडं खुपल्यासारखं वाटतं, मग तेही थांबतं. थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही, अनेकदा नस मेलेली असते. त्यामुळे ठणक्याची वाट पाहू नका. हिरडीवर येणारी-जाणारी पुळी, एकाच दाताचा काळपट झालेला रंग, घास चावताना एका बाजूला आपोआप टाळाटाळ, तोंडात मधूनच येणारी खारट-कडवट चव, यातलं एक जरी असलं तरी दाखवायला जा.

पहिली पायरी: दुखणं खरंच दाताचं आहे ना, हे पक्कं करा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि घाईत हीच सुटते. जबडा दुखतो, त्या बाजूला एखादी जुनी भरलेली दाढ असते, मग तीच गुन्हेगार ठरते. उतारवयात जबड्यात उठणाऱ्या कळेची इतरही कारणं असतात.

चालताना, जिना चढताना जबडा किंवा खालचे दात दुखू लागले आणि थांबल्यावर दुखणं ओसरलं, तर ती हृदयाची कळ असू शकते. अशा वेळी दंतवैद्य नंतर, आधी हृदयाची तपासणी. त्यात घाम, धाप किंवा छातीत दडपण असेल तर एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठा. चेहरा धुताना, दात घासताना, वाऱ्याची झुळूक लागताच विजेच्या झटक्यासारखी क्षणभराची कळ येत असेल, तर तो ट्रायजेमिनल न्युराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या मज्जातंतूचा आजार, असू शकतो. तो पन्नाशीनंतर जास्त दिसतो, आणि त्यासाठी दातामागून दात काढून झाल्यावरही कळ तशीच राहिलेली माणसं असतात. चेहऱ्याच्या एकाच बाजूला आग होऊन मग पुरळ उठलं तर नागीण. चावता चावता जबडा भरून येणं, त्याच बाजूची कानशिलं दुखणं, नजर अंधुक होणं हे एकत्र आलं, तर रक्तवाहिनीच्या सुजेचा एक आजार असतो. तो वेळेत ओळखला नाही तर दृष्टी जाऊ शकते. वरच्या दाढा एकदमच जड वाटत असतील तर सायनसचाही विचार हवा.

दंतवैद्याने काय तपासावं, हे रुग्णाला माहीत असलेलं बरं. संशयित दातावर थंड लावून पाहतात, ठोकून पाहतात, हिरडी आणि दात यांच्या फटीत सळई घालून खोली मोजतात, एक्स-रे काढतात. वयस्कर माणसात थंडाची जाणीव मुळातच मंद असते, म्हणून एकट्या दाताच्या उत्तरावरून काही ठरत नाही. शेजारचा दात आणि समोरच्या बाजूचा तोच दात यांच्याशी तुलना करावी लागते. फटीत सळई एकाच ठिकाणी खोल गेली तर मूळ उभं तडकलेलं असण्याची शक्यता असते, आणि तसं असेल तर रूट कॅनलने तो दात वाचत नाही. ‘कुठला दात आणि कशावरून?’ हा प्रश्न मोकळेपणाने विचारा. उत्तर ठाम नसेल आणि दुखणं सहन होण्यासारखं असेल, तर थोडे दिवस थांबून पुन्हा तपासणं हेच शहाणपणाचं.

दुसरी पायरी: ठेवायचा की काढायचा

हा निर्णय वयावर घेऊ नका, दातावर आणि तोंडावर घ्या. विचार असा करा. हा दात गेला तर काय काय जाईल? तोंडात चोवीस दात असतील आणि शेवटची दाढ किडली असेल, तर ती गेल्याने फारसं बिघडत नाही. पण आठच दात उरलेत आणि कवळीचा हूक याच दातावर अडकतो, तर हा एक दात अख्खी कवळी धरून ठेवतो आहे. तो वाचवण्यासाठी दोन-तीन फेऱ्या जास्त झाल्या तरी चालतील.

दात ठेवण्यासारखा आहे का, ते तीन गोष्टींवरून ठरतं. हिरडीच्या वर कॅपला पकडायला पुरेसा दात उरला आहे का. भोवतालचं हाड शाबूत आहे की हिरड्यांच्या आजाराने दात हलतो आहे. मूळ तडकलेलं तर नाही ना. यांत दात नापास असेल तर रूट कॅनलचा आग्रह धरू नये. तो पैसा, वेळ आणि रुग्णाची ताकद, सगळं वाया जातं.

काही रुग्णांत मात्र दात काढणं हाच मोठा धोका असतो. हाडं ठिसूळ झाल्यामुळे अ‍ॅलेन्ड्रोनेट, झोलेड्रोनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅब यांसारखी औषधं सुरू असतील किंवा पूर्वी घेतलेली असतील, तर दात काढल्यानंतर जबड्याचं हाड न भरता उघडं पडून मृत होऊ शकतं. हाडांच्या ठिसूळपणासाठी दिलेल्या डोसमध्ये हे क्वचित घडतं, कर्करोगासाठीच्या मोठ्या डोसमध्ये धोका बराच जास्त. डोक्या-मानेला रेडिएशन झालेल्यांतही असाच धोका असतो. रूट कॅनलमध्ये हाडाला जखम होत नाही, म्हणून अशा रुग्णांसाठी तो अधिक सुरक्षित मार्ग आहे. दाताचा वरचा भाग पार गेलेला असला तरी, मुळांची साफसफाई करून, वरचा भाग कापून, मुळं तशीच हाडात बंद करून ठेवण्याचा पर्याय असतो. ‘निकामी दात आहे, काढून टाकू’ म्हणण्याआधी या औषधांबद्दल विचारलं गेलंच पाहिजे.

तिसरी पायरी: औषधांची आणि आजारांची यादी

सगळ्या गोळ्या पिशवीत घालून घेऊन जा. आठवणीने सांगितलेली यादी जवळजवळ नेहमी अपुरी निघते, कारण सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं हाडांचं इंजेक्शन किंवा वर्षातून एकदा लावलेलं सलाईन कुणाला ‘औषध’ वाटतच नाही. ते मुद्दाम आठवून सांगा.

रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन किंवा अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅनसारखी नवी औषधं, यातलं काहीही नेहमीच्या रूट कॅनलसाठी सहसा थांबवावं लागत नाही. गोळी बंद केल्याने स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा किंवा पक्षाघाताचा धोका हा हिरडीतून थोडं रक्त येण्यापेक्षा किती तरी मोठा आहे. वॉरफरिन घेणाऱ्यांनी आयएनआरचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या चाचणीचा) ताजा रिपोर्ट सोबत न्यावा. डेनोसुमॅबचं इंजेक्शनही दातासाठी म्हणून परस्पर पुढे ढकलू नका. ते लांबलं तर मणक्याची हाडं मोडण्याचा धोका वाढतो.

हृदयात कृत्रिम झडप असेल किंवा पूर्वी हृदयाच्या अस्तराला जंतुसंसर्ग झालेला असेल, तर उपचाराच्या 30 ते 60 मिनिटं आधी अँटिबायोटिकचा एक मोठा डोस घ्यावा लागतो. तो हृदयरोगतज्ज्ञाला विचारून ठरतो. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल तर सहसा त्याची गरज नसते, तरी शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर त्या डॉक्टरांशी एकदा बोलून घ्यावं. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड दाखवा. मुळाची लांबी मोजणारं यंत्र आणि ध्वनिलहरींवर चालणारी उपकरणं वापरण्याआधी दंतवैद्याला ते कळायला हवं. आधुनिक पेसमेकरना याने बहुतेकदा बाधा येत नाही.

रक्तदाब खुर्चीवर बसल्यावर मोजलाच पाहिजे. तो 180/110 च्या वर असेल तर तातडीचा नसलेला उपचार पुढे ढकलतात. भुलेच्या इंजेक्शनमध्ये बहुतेकदा अ‍ॅड्रेनलिन असतं, हृदयरुग्णात त्याचं एकूण प्रमाण 0.04 मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. पण अ‍ॅड्रेनलिन नकोच म्हणून अर्धवट भूल देणं बरं नव्हे. दुखलं की शरीर स्वतःच त्याहून जास्त अ‍ॅड्रेनलिन सोडतं.

मधुमेहींसाठी नियम सोपा आहे: नाश्ता करा, नेहमीचं औषध घ्या, सकाळची वेळ मागा. ‘डॉक्टरकडे जायचंय’ म्हणून उपाशीपोटी जायचं आणि इन्सुलिन मात्र घ्यायचं, याने खुर्चीवरच साखर उतरते. साखर आटोक्यात नसेल तर मुळाभोवतालचा संसर्ग भरून यायलाही जास्त काळ लागतो.

दातदुखीसाठी घरात पडलेलं अँटिबायोटिक सुरू करू नका. सूज, ताप नसेल तर त्याने नसेचं दुखणं थांबत नाही. मेट्रोनिडाझोल तर वॉरफरिनबरोबर घेतल्यास रक्त धोकादायक पातळीपर्यंत पातळ होतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी होण्याच्या गोळ्या सोबत असतील तर अधिकच. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. वजन कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल, तर डोस विचारून घ्या.

चौथी पायरी: भेटीचा दिवस

छोट्या भेटी मागा, एका लांब भेटीचा अट्टाहास नको. तासभर तोंड उघडं ठेवणं हेच कित्येकांना उपचारापेक्षा जड जातं. दातांमध्ये ठेवायचा रबरी ठोकळा मिळतो, त्यावर जबडा टेकवता येतो. आधीच मागून ठेवा. मान किंवा पाठ वाकलेली असेल तर मानेखाली छोटी उशी लागते. हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या आजारामुळे सपाट झोपल्यावर धाप लागते त्यांनी हे आधीच सांगावं, खुर्ची अर्धी उभी ठेवूनही काम होतं. पार्किन्सनच्या रुग्णाची वेळ त्याच्या गोळीचा असर चांगला असेल तेव्हाची ठेवावी. स्मृतिभ्रंश असेल तर दिवसाचा जो वेळ त्यांचा शांत जातो तो निवडा, आणि रोज सांभाळणारं माणूसच बरोबर असू द्या.

कानाचं यंत्र काढू नका, निदान बोलणं होईपर्यंत. डॉक्टर मास्क लावून बोलतात, ओठ दिसत नाहीत, आणि रुग्ण न ऐकताच मान डोलावतो. उपचाराला होकार द्यायचा तो रुग्णाने, मुलाने नव्हे. त्यांना समजेल अशा शब्दांत, त्यांच्याकडे पाहून विचारावं.

पाचवी पायरी: खुर्चीत काय काय होतं

भूल दिल्यावर दाताभोवती रबर डॅम नावाचा पातळ रबरी पडदा लावतात. थुंकी दातात जात नाही, आणि आतली औषधं व बारीक उपकरणं घशात जात नाहीत. खोकल्याची प्रतिक्रिया मंदावलेल्या वयस्कर माणसात तर हा पडदा सोडून चालणार नाही. तोंडाने श्वास घ्यायची सवय असेल तर आधी सांगा, पडद्याला कडेला फट ठेवता येते.

मग खरं काम सुरू होतं. तरुण दातात ड्रिल पोकळीत शिरताना हाताला एक झोल जाणवतो, आत रिकामी जागा लागल्याचं लगेच कळतं. म्हाताऱ्या दातात तो झोल येतच नाही. छत कुठे संपलं आणि तळ कुठे सुरू झाला, ते रंगावरून ओळखावं लागतं. तळ करडा, भिंती फिकट पिवळ्या. तळावर बारीक काळपट रेषा असतात, त्या रेषांच्या टोकाला मुळांची तोंडं. कधी त्या जागी पांढरट खडूसारखा ठिपकाच दिसतो. मायक्रोस्कोपखाली ध्वनिलहरींवर चालणाऱ्या बारीक टोकाने तो ठिपका हलके हलके खरवडत जायचं, पुन्हा पुन्हा थांबून, धुऊन, बघत. पोकळीत सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रवाचा थेंब सोडून थांबलं की जिथे आत अजून ऊती आहे तिथून बारीक बुडबुडे वर येतात, आणि लपलेली वाट सापडते. वरच्या पहिल्या दाढेला बहुतेकदा चौथी वाट असते, वयाने तीच आधी बुजते.

वाट सापडली की 8 नंबरची फाइल, म्हणजे आतून खरवडणारी सुईसारखी बारीक कानस, आत जाते. तिचं टोक 0.08 मिलिमीटर, म्हणजे केसाएवढं. ती पाव वळसा फिरवायची, मागे घ्यायची, धुवायची, पुन्हा. इथे जोर लावला तर फाइल तुटते किंवा मुळाला भलत्याच ठिकाणी भोक पडतं. म्हणून डॉक्टर वीस मिनिटं एकाच मुळात अडकलेले दिसले तर ते काम चुकतंय असं समजू नका, ते नीट होतं आहे. मुळाची लांबी यंत्राने मोजतात. वर सांगितलेल्या सिमेंटमच्या थरामुळे नुसत्या एक्स-रेवर भरवसा ठेवला तर फसगत होते.

दातावर आधीच कॅप असेल तर तिच्यातूनही भोक पाडून आत जाता येतं. पण कॅप सरळ बसवलेली असते आणि आतला दात तिरका असू शकतो, तेव्हा दिशा चुकण्याचा धोका असतो. कॅपखाली कीड असण्याची शंका असेल तर कॅप काढलेलीच बरी.

वाट सापडलीच नाही तर? एक्स-रेमध्ये पूर्ण बुजलेली दिसणारी वाटही बऱ्याचदा आत बारीक उघडी असते, म्हणून रूट कॅनल तज्ज्ञाकडे पाठवणं आणि त्रिमितीय स्कॅन काढणं हे पुढचं पाऊल. खोदत राहणं नव्हे. मुळाच्या टोकाशी संसर्ग नसेल आणि त्रासही नसेल, तर जिथपर्यंत पोचलं तिथपर्यंत भरून लक्ष ठेवणं हा मान्य मार्ग आहे. मुळात नुसती वाट बुजलेली दिसते म्हणून, काहीच त्रास नसलेल्या दाताचं रूट कॅनल करायची गरज नसते.

साफसफाई झाली की गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने मुळं भरतात. हे एका बैठकीत किंवा मध्ये औषध ठेवून दोन बैठकींत होतं, निकाल साधारण सारखाच येतो. थकणाऱ्या रुग्णाला दोन बैठकी बऱ्या.

उपचार संपल्यावर लगेच उठू नका. खुर्ची हळूहळू उभी करून घ्या, दोन-तीन मिनिटं पाय खाली सोडून बसा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठल्यावर भोवळ येते, आणि या वयात पडणं दातदुखीपेक्षा फार महाग पडतं.

सहावी पायरी: घरी आल्यावर

भूल दोन ते चार तास राहते. तोवर चावून खाऊ नका आणि कढत काही पिऊ नका, ओठ-गाल चावले किंवा भाजले तरी कळत नाही. पुढचे काही दिवस त्या दाताने चावताना दुखरं वाटणं स्वाभाविक आहे, ते रोज थोडं थोडं कमी व्हायला हवं. मिटताना तोच दात आधी लागतो असं वाटलं तर सहन करत बसू नका, सिमेंट उंच झालेलं असतं, दोन मिनिटांत घासून मिळतं. सूज वाढू लागली, ताप आला, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास होऊ लागला, तर त्याच दिवशी दाखवा. वयस्कर माणसांना मोठा संसर्ग असूनही ताप फारसा येत नाही. अचानक आलेली ग्लानी, बडबड किंवा खाणं सोडणं हीसुद्धा लक्षणंच समजा.

सातवी पायरी: कॅप आणि पुढची देखरेख

सगळं नीट होऊनही दात इथे गमावला जातो. दुखणं थांबलं की कॅप राहून जाते, तात्पुरतं सिमेंट झिजतं, लाळ आत शिरते किंवा दाढ उभी चिरते. दाढेवर काही आठवड्यांच्या आत पक्कं सिमेंट आणि कॅप झालीच पाहिजे. पुढच्या दाताला, बराचसा भाग शाबूत असेल तर, नुसतं सिमेंटही पुरतं. कवळी त्या दातावर अडकत असेल तर कॅपचं माप घेण्याच्या दिवशी कवळी सोबत न्या, नाही तर कॅप झाल्यावर कवळी बसत नाही.

दुसरा धोका कॅपच्या काठाखाली, हिरडी मागे सरकून उघड्या पडलेल्या मुळाला लागणाऱ्या किडीचा. रक्तदाब, नैराश्य, अ‍ॅलर्जी, लघवीच्या तक्रारी यांवरच्या बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, आणि कोरड्या तोंडात ही कीड झपाट्याने पसरते. कोरड्या तोंडावर उपाय म्हणून गोड गोळ्या चघळत राहणं हे तिला खतपाणी घालण्यासारखं. घोट घोट पाणी प्या, फ्लोराइडची पेस्ट दिवसातून दोनदा वापरा आणि घासून झाल्यावर खळखळून धुवू नका, नुसतं थुंका. किडीचा धोका जास्त असेल तर 5000 पीपीएमची, म्हणजे जास्त फ्लोराइड असलेली पेस्ट दंतवैद्य लिहून देतात. हातात ताकद कमी असेल तर ब्रशची दांडी कापड गुंडाळून जाड करा किंवा विजेवर चालणारा ब्रश घ्या.

एक्स-रे काढून तपासणी सहा महिन्यांनी, मग वर्षाने. मुळाच्या टोकाशी आधी काळा डाग होता तो पूर्ण भरायला काही वर्षंही लागू शकतात. डाग लहान होत असेल तर वाट पाहा, तसाच राहिला किंवा वाढला तर तज्ज्ञाला दाखवा. जुने एक्स-रे टाकू नका. तुलना त्यांच्याशीच होते, म्हणून प्रत्येक भेटीला औषधांच्या पिशवीत तेही ठेवा.